कड टवकलेला टाळ

अण्णा माघात गेले. दिंडीतली त्यांची जागा रिकामी राहू नये म्हणून निघते, असं मी घरी सांगितलं. खरं तर तेराव्यालाच काहीतरी अडकलं होतं. तुकोबा इंद्रायणीकाठी शिळेवर १३ दिवस अन्नपाण्यावाचून बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या, हे अण्णांनी लहानपणापासून इतक्यांदा सांगितलं होतं की सुतकाचे दिवस मी नकळत मोजत होते. तेराव्याला पंगती उठल्या, भांडी घासून झाली. वर काहीच आलं नाही.

आळंदी, पुणे, दिवेघाट, सासवड, जेजुरी. नीरेत माउलींच्या पादुकांचं स्नान झालं तेव्हा मी टँकरच्या रांगेत होते. लोणंदला पोहोचेस्तोवर नवी चप्पल कुणी तरी नेली होती आणि एका तंबूत चाळीस जणांमध्ये झोप लागत नव्हती. शेजारच्या बाईंचा फोन रात्रभर वाजायचा, तीनला काकडा. एका संध्याकाळी हरिपाठ चालू असताना समोर कॅमेरे धरून उभ्या राहिलेल्या पोरांवर मी इतकी ओरडले की विणेकऱ्यांनी मान वळवून पाहिलं. अण्णांचे टाळ पिशवीच्या तळाशी उपरण्यात गुंडाळलेले होते. आळंदीपासून एकदाही बाहेर काढले नव्हते.

फलटण सोडल्यावर विडणीच्या पुढे टाचेने जीवच काढला. फोड असा टचटचला होता की पाय टेकला की डोक्यात कळ जायची. डांबर तापलेलं, पाऊस नुसता भरून आलेला. दिंडी पुढे गेली. मी बाभळीखाली बसले आणि पहिल्यांदा मनात आलं, इथूनच एसटी पकडावी.

"माउली, पाय दे इकडं."

सत्तरीच्या आसपासच्या आजी होत्या, डोक्यावर तुळस. वृंदावन त्यांनी जपून दगडावर ठेवलं. मी पाय मागे ओढला. त्यांच्या वयाच्या माणसाने माझ्या पायाला हात लावायचा? "वारीत कुणाचा पाय न् कुणाचा हात," म्हणत त्यांनी टाच मांडीवर घेतलीच. कनवटीच्या पिशवीतून सुई काढली, काडेपेटी ओढून तिचं टोक लाल केलं, पांढरा दोरा खोबरेल तेलात बुडवून ओवला. फोडाच्या एका कडेने सुई आत, दुसऱ्या कडेने बाहेर. दोरा तसाच आत ठेवून दोन्ही टोकं बोटभर सोडली. पाणी दोऱ्यावरून थेंब थेंब गळत राहिलं. "तोडू नको. आपसूक सुटंल."

आणि हे सगळं चालू असताना त्या गुणगुणत होत्या: "आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां."

अण्णांच्या तोंडचा तुकोबांचा अभंग. लहानपणी मला त्याची भीती वाटायची. आजींना अक्षरओळख नव्हती, सासूच्या तोंडून ऐकून पाठ केलेले शेकडो अभंग होते. वह्या डोहात होत्या तेव्हाही अभंग अशाच कुणाकुणाच्या तोंडी जात्यावर, शेतात चालू असणार, हे मला तिथे बसून कळलं.

"पिशवीत काय वाजतंय?"

"वडिलांचे टाळ आहेत."

"मग वाजीव की."

दोरी अंगठ्याच्या जागी काळी, गुळगुळीत झालेली. माझा अंगठा बरोबर तिथेच बसला. एका टाळाची कड टवकलेली आहे, त्यामुळे ठोका पडल्यावर मागे एक बारीक झणझण राहते. घरी देवघरात ती झणझण आली की अण्णा उठलेत हे कळायचं. पाच महिन्यांनी ती पुन्हा कानावर आली आणि मी हुंदके देत रडले. आजींनी गाणं थांबवलं नाही, फक्त लय माझ्यासाठी जरा कमी केली.

बरडच्या मुक्कामी भात कच्चा होता. त्यावरून पुन्हा वाद झाला, मीही बोलले. आजी पुन्हा दिसल्या नाहीत. नातेपुते, माळशिरस, वेळापूर कसं गेलं आठवत नाही. दोरा भंडीशेगावला केव्हा तरी गळून पडला.

पंढरीत कळसाचं दर्शन घेतलं. नामदेव पायरीपाशी मात्र थांबले. समोर चोखोबांची समाधी. मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली, १३३८ सालची गोष्ट. ढिगाऱ्याखाली किती तरी मजूर गेले. नामदेवराय तिथे गेले, एकेक हाड कानाशी धरलं, ज्यातून 'विठ्ठल विठ्ठल' ऐकू आलं ते चोखोबांचं म्हणून इथे आणलं. अण्णा सांगायचे तेव्हा मला त्या हाडांचं नवल वाटायचं. आता नामदेवांच्या कानाचं वाटतं. किती वर्षं शेजारी बसून ऐकलं असेल, म्हणजे इतकं ओळखू येतं.

मागून रेटा आला. "चला माउली, पुढे चला." टाळ गळ्यात होते, गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला आणि ते आपोआप वाजले. ती झणझण विरेपर्यंत मी हलले नाही.