झाडा-दगडांची ओळख ठेवून वारी: नीरा ते बरड

नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान होतं आणि सोहळा पाडेगावातून सातारा जिल्ह्यात येतो. पुढे लोणंद, तरडगाव, फलटण, बरड. लोणंद ते तरडगाव जेमतेम ८ किलोमीटर, तरडगाव ते फलटण साधारण २१, फलटण ते बरड १८. आमच्या दिंडीतले आम्ही काही जण एवढा टप्पा वेगळ्या लक्षानं चालतो. नदी, कडुलिंब, घोडा, मेंढरं, शेंदराचा धोंडा, सगळ्यांशी सोयरीक धरून. हे अंगात येण्यासारखं काही नाही, सवय आहे, आणि ती लावावी लागते.

सुरुवात नीरेपासून करावी. घाटावर रेटारेटी असते आणि स्नानाच्या वेळी तिथं उभं राहायलाही जागा मिळत नाही, म्हणून आम्ही गर्दी पुढे सरकेपर्यंत थांबतो. साबण, पिशवी, निर्माल्य पाण्यात नाही. आधी नदीला हात जोडायचे, मग पाय आत. पाणी किती असेल ते वीर धरणातून सोडलं आहे की नाही यावर ठरतं, त्यामुळे वर पाऊस असेल तर गुडघ्याच्या पुढे जायचं नाही. ही नीरा पुढे नरसिंगपूरला भीमेला मिळते आणि तेच पाणी पंढरपुरात चंद्रभागा म्हणून भेटतं. म्हणजे नदीही वारीलाच निघालेली असते, फक्त तिची वाट लांबची. एवढं एकदा डोक्यात बसलं की तिच्यात खरकटं धुवायला हात धजत नाही.

नीरेचा उजवा कालवा या पट्ट्यातूनच जातो. त्याच्या कडा उतरत्या नि शेवाळलेल्या असतात. आत पडलेल्या माणसाला धरायला काही सापडत नाही, म्हणून कालव्यात आंघोळ नको आणि ते पाणी प्यायलाही नको.

लोणंद सोडलं की चांदोबाचा लिंब, पहिलं उभं रिंगण. इथं ठिकाणाचं नावच झाडावरून पडलंय. वारकरी रस्त्याच्या दोन्ही अंगाला उभे राहतात आणि मधून दोन अश्व धावतात. एकावर पताका घेतलेला स्वार, दुसऱ्यावर कुणीच नाही. तो माउलींचा अश्व, त्याच्या पाठीवर माउली आहेत असं आपण मानतो आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतो. रिंगण बघताना मोबाईल खाली ठेवा. घोडा जवळ यायच्या आधी त्याची धाव तळपायांना कळते, मग कानांना, शेवटी डोळ्यांना. रेकॉर्डिंग करणाऱ्याला यातलं पहिलं काहीच मिळत नाही. आणि मातीसाठी अश्व पूर्ण पुढे जाईपर्यंत वाकायचं नाही. मागून रेटा आला की वाकलेला माणूस तुडवला जातो.

झाडा-दगडांतही जीव मानण्याच्या या जगण्याला अभ्यासक सर्वचेतनवाद म्हणतात. इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी १८७१ मध्ये तो आदिमानवाचा चुकीचा तर्क म्हणून मांडला. नंतर हॅलोवेल नावाच्या अभ्यासकानं कॅनडातल्या ओजिब्वे या आदिवासी समाजातल्या एका म्हाताऱ्याला विचारलं की इथले सगळे दगड जिवंत आहेत का. म्हातारा म्हणाला, नाही, पण काही आहेत. आपल्याकडच्या कुठल्याही मेंढपाळानं हेच उत्तर दिलं असतं. रानात धोंडे पुष्कळ. म्हसोबा त्यातला एखादाच, आणि तो कोणता हे गावाला नेमकं माहीत असतं. इतिहासकार दामोदर कोसंबींनी अशा वाटेवरच्या देवांचा संबंध जुन्या चराईच्या वाटांशी लावला आणि विठ्ठलाचं गवळी-धनगरांशी असलेलं नातं रा. चिं. ढेरे यांनी दाखवून दिलं. फलटण-माण भागातली मेंढरं दिवाळीच्या सुमारास पश्चिमेला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, म्हणून वारीच्या दिवसांत वाटेत कळप दिसतात. कळप आडवा आला तर थांबावं, मधून घुसू नये. मेंढरं फुटली की गोळा करताना मेंढक्याचा जीव जातो.

आता झाडाजवळ बसण्याचं. रस्ता चौपदरी झाला आणि जुने वड बरेच गेले, तेव्हा सावली शोधावी लागते: ओढ्याकाठी, वस्तीजवळ, शेताच्या बांधावर. बसण्यापूर्वी खोडाला हात लावून 'माउली, टेकतो' म्हणावं. माणसाला आपण दिवसभर माउली म्हणतोच, झाडाला म्हणायला जड जात नाही. मग वीस मिनिटं गप्प. पहिली दहा मिनिटं डोक्यात चहा, चपला नि घरचे फोन एवढंच असतं, ती तशीच जाऊ द्यावीत. नंतर होला ऐकू येतो, पावशा ऐकू येतो, मुंग्यांची रांग दिसते. खोडाला खिळा ठोकणं, मुळाशी दूध ओतणं, पारावर सिमेंट वाढवणं ही भक्ती झाडाला सोसत नाही. सिमेंटनं मुळांचं पाणी आणि हवा दोन्ही तुटतं.

अनवाणी चालायचं तर सकाळचा एखादा तास, तोही मातीच्या कडेनं. दिवसभर डांबरावर अनवाणी चाललेला माणूस दुसऱ्या दिवशी फोड घेऊन दिंडीच्या ट्रकमध्ये बसतो. वेड्या बाभळीचा काटा आतच मोडतो आणि पिकतो, तेव्हा संध्याकाळी चिमटा नि बॅटरी घेऊन तळवे बघायचे.

अंतःप्रेरणेबद्दल लोक फार विचारतात. आमची पद्धत साधी आहे. सकाळी निघताना वारा, ढग, वास, पाखरं यांवरून जे मनात येईल ते छोट्या वहीत लिहायचं: पाऊस कधी, कुठल्या दिशेनं, आज दिंडीत कोण थकणार. संध्याकाळी पडताळायचं. बहुतेक चुकतं, आणि चुकलेलंही तसंच वहीत ठेवायचं. थोड्या दिवसांत आपल्याला काय वाटत होतं आणि काय हवं होतं, यातला फरक वहीतच दिसू लागतो. मेंढक्याचा अंदाज बरोबर येतो तो जन्मभर असा पडताळा घेतल्यामुळे.

एक धोका मात्र खरा आहे. दुपारी डोकं हलकं होतं, कानात घुमतं, सगळं लांबून दिसतं, आणि एखाद्याला हाच साक्षात्कार वाटतो. बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालेलं असतं. १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट प्यायचं. मीठ अंदाजानं मूठभर टाकू नये, त्यानं उलट त्रास होतो. अंग तापलंय आणि माणूस असंबद्ध बोलतोय, तर सावलीत निजवून ओली फडकी लावायची आणि लगेच वैद्यकीय पथक गाठायचं.

झाडांच्या सावलीची परतफेड करायची तर तिचं बीही वाटेतच मिळतं. वारीच्या दिवसांत लिंबोळ्या पिकून खाली पडलेल्या असतात. पिवळ्या निवडून गर त्याच दिवशी काढायचा, बिया धुवायच्या आणि सावलीत सुकवून कापडी पिशवीत ठेवायच्या. प्लास्टिकच्या पिशवीत त्यांना बुरशी लागते. लिंबाचं बी फार थांबत नाही, दोन-तीन आठवड्यांत उगवण घटत जाते, म्हणून पंढरपूरहून परतल्यावर बघू म्हणू नये. बरडच्या मुक्कामाला ज्यांच्या रानात राहुटी पडली त्यांना विचारून बांधावर बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल टोकायचं, एका जागी तीन बिया, भोवती बाभळीची काटेरी फांदी. मालक नको म्हणाला तर पुढच्या वस्तीवर विचारायचं.