टर्मिनलचा अबोला

टर्मिनलशी, म्हणजे कमांड टाइप करून संगणक चालवायच्या खिडकीशी, नवी ओळख झाली तेव्हा सगळ्यात आधी खटकला तो त्याचा अबोला. फाइल हलवायची कमांड दिली, एंटर दाबलं, आणि काहीच नाही. पुढच्या ओळीवर कर्सर आपला लुकलुकतोय. काम झालं की नाही हे बघायला मी लगेच एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) मारायचो. खरं सांगायचं तर अजूनही मारतो.

टर्मिनलची ही गप्प राहायची खोड जुनी आहे. या कमांड जिथून आल्या ती युनिक्स प्रणाली १९६९ साली बेल लॅब्जमध्ये सुरू झाली, तेव्हा माणसं टेलीटाइपवर काम करायची. सेकंदाला जेमतेम १० अक्षरं, तीही खडखडत कागदावर. तिथे गप्पा कोण मारणार? म्हणून कमांडची नावंही सीपी (कॉपी करा), एमव्ही (हलवा), आरएम (काढून टाका) अशी दोन-दोन अक्षरांत उरकलेली. पुढे १९७३ साली पाइप, म्हणजे एका कमांडचं उत्तर थेट दुसरीच्या हाती द्यायची सोय, आला आणि या मौनाला खरा अर्थ मिळाला. लॉगमधल्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीतल्या, 'एरर'च्या ओळी ग्रेपने वेचायच्या, सॉर्टने एकाखाली एक लावायच्या, मग युनिकने मोजायच्या. (सॉर्ट विसरलात तर मोजणी चुकते, युनिकला फक्त शेजारशेजारच्या सारख्या ओळी कळतात.) यात ग्रेप मध्येच 'झालं हं!' म्हणाला असता, तर सॉर्टने तेही इमानेइतबारे रांगेत लावलं असतं. तक्रारींची वाट मात्र वेगळी ठेवलेली आहे, त्या पाइपमध्ये शिरत नाहीत.

या तक्रारीनेच मला एकदा चकवलं. फोल्डरमध्ये दोन फाइली होत्या, 'अहवाल' आणि 'अहवाल जुना'. जुन्या फाइली उडवायला छोटासा लूप (एकेक फाइल घेऊन तीच कमांड पुन्हा चालवणारा) लिहिला. आरएमपुढे फाइलीचं नाव धरणारं व्हेरिएबल ठेवलं, पण त्याला दुहेरी अवतरणचिन्हं घातली नाहीत. शेलने (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) मधली स्पेस बघून नावाचे दोन तुकडे केले. 'जुना' नावाची फाइलच नाही, अशी तक्रार आली. मी म्हटलं, नसेल. आणि आठवडाभर खपून लिहिलेला 'अहवाल' मात्र चकार शब्द न काढता गेला. आरएमला कचरापेटी ठाऊक नसते, त्यामुळे शोधाशोधही फार वेळ चालली नाही.

तेव्हापासून व्हेरिएबल दिसलं की हात आपोआप अवतरणचिन्हांकडे जातो. आधी एको लावून, म्हणजे कमांड न चालवता नुसती पडद्यावर छापून बघा, असं सगळेच सांगतात, आणि एरवी ते बरोबरच आहे. पण या रोगावर एकोचा उपयोग नाही. एक नाव असो की दोन तुकडे, पडद्यावर ओळ सारखीच उमटते. त्यापेक्षा स्क्रिप्टच्या डोक्यावर 'सेट वजा एक्स' लिहावं. मग बॅश हे शेल प्रत्येक कमांड चालवण्याआधी अधिक चिन्ह लावून दाखवतं, आणि स्पेसवालं नाव अखंड असेल तर ते अवतरणांत दिसतं. नसेल, तर कमांड थांबवायला कंट्रोल-सी दाबायला एक क्षणही मिळत नाही; म्हणून हा प्रयोग मी आता फोल्डरच्या कॉपीवर करतो.