पडद्यावरचं जुनाट दुखणं: गाडीची सीट आणि जमिनीवरची उशी

'केक' (2014) या सिनेमात जेनिफर ॲनिस्टनची क्लेअर गाडीत बसते ती सीट पार मागे पाडून. गाडी चालवते घरकाम बघणारी सिल्वाना. कण्हणं नाही, संवाद नाही, तरी या बाईला ताठ बसणं झेपत नाही हे लगेच कळतं. जुनाट दुखणं पडद्यावर असंच दिसायला हवं, माणसाने रोजच्या जगण्यात त्याच्यासाठी काय काय सोय करून ठेवली आहे त्यातून.

3 महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट म्हणतात. नवी कळ आली की चेहरा आक्रसतो, नाडी धावते, घाम फुटतो. वर्षानुवर्षं सोसणाऱ्याच्या अंगावर यातलं काही दिसेलच असं नाही. बरेचदा चेहरा कोरा आणि आवाज सपाट असतो. नट मात्र प्रसंगाच्या सुरुवातीला ओठ आवळतात आणि भांडण रंगलं की झटकन कमरेतून वळतात. तिथे सगळं फसतं.

कंबर धरलेला माणूस खुर्चीतून कसा उठतो ते नीट बघा. आधी कडेपर्यंत सरकतो, पावलं मागे घेतो, हात मांड्यांवर टेकतो, श्वास सोडत उठतो. उठल्यावर लगेच चालू लागत नाही, क्षणभर तसाच उभा राहतो. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळतो, पाय खाली सोडतो, मग कोपराने धड वर रेटतो. हे सगळं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की तो ते बोलता बोलता करतो. नटाने हे पाठ होईपर्यंत घोटायला हवं.

स्पॅनिश दिग्दर्शक पेद्रो आल्मोदोवारच्या 'पेन अँड ग्लोरी'मध्ये (2019) हे फार सुंदर जमलंय. अँतोनियो बांदेरासचा साल्वादोर गुडघे टेकण्याआधी जमिनीवर उशी टाकतो. गिळताना जीव गुदमरतो म्हणून गोळ्या कुटून घेतो. या कामासाठी बांदेरासला कान चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, आणि माझ्या मते त्यातला मोठा वाटा त्या उशीचा आहे.

औषधांबाबत बहुतेक सिनेमे घाई करतात. गोळी गिळली की पुढच्याच क्षणी सुस्कारा! खरं तर तोंडाने घेतलेल्या साध्या ओपिऑइड (अफूच्या जातीच्या वेदनाशामक) गोळीचा गुण यायला अर्धा ते एक तास लागतो आणि तो साधारण चार ते सहा तास टिकतो. नसांच्या दुखण्यावरच्या काही गोळ्यांना तर आठवडे लागतात. ओपिऑइडने होणारं बद्धकोष्ठ कुणी दाखवत नाही, आणि रुग्णाला मात्र त्याचाच रोज जाच असतो. शरीर औषधाला सरावणं वेगळं आणि व्यसन वेगळं. पटकथेत दोन्हीची सर्रास गल्लत होते.

शूटिंग क्रमाने होत नाही, म्हणून प्रत्येक प्रसंगासाठी चार नोंदी लिहून ठेवाव्यात: शेवटची गोळी किती तासांपूर्वी घेतली, रात्री झोप किती झाली, आदल्या दिवशी अंगमेहनत किती झाली, आणि या क्षणी दुखणं 10 पैकी किती. तिसरी नोंद सगळ्यात महत्त्वाची. बरं वाटलं म्हणून एका दिवशी घर आवरून काढलं की पुढचे दोन दिवस आडवं पडावं लागतं, हे चक्र पटकथांतून बहुधा गळूनच जातं.

मराठीत लिहिणाऱ्याच्या हाताशी तर शब्दांची केवढी श्रीमंती आहे. चमक मारली तर माणूस अर्ध्या पावलावर थिजतो. ठणका लागला की दुखरा भाग हाताने धरून बसतो. रग लागली तर दर पाच मिनिटांनी कूस नाहीतर मांडी बदलतो. भगभगत असेल तर अंगावरचं कापडही सोसत नाही. 'दुखतंय' एवढंच लिहिलं, तर नटाला करायला काहीच उरत नाही.

'केक'चा शेवट मात्र मला खटकतो. अपघातात गेलेल्या मुलाचं दुःख क्लेअर स्वीकारू लागते आणि गाडीची सीट सरळ करून ताठ बसते. दुःख आणि दुखणं यांचा संबंध खराच आहे. मन सावरलं की सोसणं थोडं हलकं होऊ शकतं. पण हा शॉट बघून प्रेक्षकाला वाटू शकतं की सगळं मनातच होतं, आणि तेच वाक्य मग घरोघरच्या रुग्णांना ऐकावं लागतं. दुसऱ्या दिवशीचा आणखी एक शॉट हवा होता: क्लेअर गाडीत, सीट पुन्हा अर्धी मागे.