उंबरठ्यावरचा श्रीखंड्या

दुपारी जेवून जरा आडवी झाले तेवढ्यात हॉलमधून बाईचा आवाज आला, इंग्रजीत, की मी अडकलेय, मला उचलून दुसरीकडे ठेवा. घरात मी एकटी. छातीत धस्स झालं, मग आठवलं, अरे हा तर आपला श्रीखंड्या. पायपुसण्याच्या झालरीचे दोरे चाकात गुंडाळून घेऊन सोफ्याखाली पडला होता.

श्रीखंड्या म्हणजे मुलाने बंगलोरहून पाठवलेला केर काढायचा रोबो. भाकरीएवढा गोल, जाडीला हाताच्या चार बोटांएवढा. डोक्यावरच्या टेंगळात लेझर गरगर फिरतो आणि त्यावरून तो घराचा नकाशा काढतो, तो आपल्याला फोनवर दिसतो. आमचा हॉल एका कोपऱ्यात तिरका आहे हे मला पंचवीस वर्षं राहून कळलं नव्हतं, याला पहिल्याच दिवशी कळलं.

मुलाने टायमिंग लावून दिलं होतं संध्याकाळी सातचं. म्हटलं, अरे तिन्हीसांजेला केर काढतात का, लक्ष्मी निघून जाते. तर म्हणे आई, लक्ष्मी आता यूपीआयने येते, तिला केराशी काय देणंघेणं. हसले, पण दुपारी तीनचं करून घेतलंच. खंडेनवमीला शिलाई मशीन, मिक्सर, स्कूटर यांच्याबरोबर त्यालाही हळदकुंकू लावलं आणि त्या टेंगळाला टेकून झेंडूचं मोठं फूल ठेवलं. साहेबांना दिसेनासं झालं. जागच्या जागी गिरक्या घेत बसला, अंगात आल्यासारखा.

नाव मीच ठेवलं. एकनाथांच्या घरी बारा वर्षं कावडीने पाणी भरणारा, चंदन उगाळणारा तो श्रीखंड्या, प्रत्यक्ष देव, आणि ओळख पटली त्या दिवशी गायब झालेला. पैठणला नाथांच्या वाड्यात तो रांजण आहे, षष्ठीच्या दिवसांत लोक रांगा लावून त्यात पाणी घालतात. लहानपणी मला ही गोष्ट फार आवडायची, त्यात भक्ती किती होती कोण जाणे, आमच्याकडे विहिरीचं पाणी ओढायचं काम माझ्याकडे होतं आणि एखादा देव आला असता तर बरं झालं असतं एवढंच माझं म्हणणं होतं.

आजीची आणखी एक गोष्ट होती, ती भुताची. चिपळूणला पडवीत कुळीथ निवडत सांगायची. एकाला भूत मिळतं, म्हणेल ते काम करणारं, पण अट अशी की काम संपलं की लगेच दुसरं सांगायचं, नाहीतर ते मालकालाच खाणार. हा सांगतो विहीर खण, खणली. शेत नांगर, नांगरलं. घर बांध, बांधलं. याला घाम फुटतो. शेवटी बायको म्हणते, अंगणात एक उंच बांबू रोवा आणि त्याला सांगा, वर चढ, खाली उतर, पुन्हा चढ. मी विचारायचे, मग पुढे त्या भुताचं काय झालं? आजी म्हणायची, चढतंय अजून, झोप आता. मला कुठली झोप! रात्री पाणी प्यायला उठलं की अंगणाकडे बघायचं धाडस व्हायचं नाही, आणि भीतीपेक्षा त्या बिचाऱ्याची दयाच जास्त यायची.

हल्ली टीव्हीवर रोबो माणसाला खाणार की नोकऱ्या खाणार अशी चर्चा लागली की मला तेच भूत आठवतं. रोबो हा शब्द मुळात नाटकातला. कारेल चापेक नावाच्या चेक लेखकाचं 1920 सालचं नाटक, शब्द सुचवला त्याच्या भावाने, जोसेफने. चेक भाषेतल्या रोबोटा या शब्दावरून तो काढला, आणि रोबोटा म्हणजे वेठ. सरळ आपली वेठबिगारी. म्हणजे नाव ठेवतानाच ठरलं होतं की हा फुकट राबणार. मी मात्र देवाचं नाव ठेवून मोकळी.

आमच्या मावशी त्याला कासव म्हणतात. कासवासारखाच उलटा करतात, ब्रशला गुंडाळलेले केस सुरीच्या टोकाने ओढून काढतात, आणि म्हणतात, सगळे तुमचेच आहेत हो ताई. पोटातला केरही त्याच रिकामा करतात. आला त्या आठवड्यात पदराला हात पुसत, हसत हसत विचारलं होतं, "मग आता मी येऊ नको का?" मी पटकन म्हटलं, "छे, तो भांडी कुठे घासतो?" बोलून गेले आणि मग तोंडात काहीतरी कडू आल्यासारखं झालं. केर-फरशीचे वेगळे, भांड्यांचे वेगळे, असे आम्ही पैसे ठरवतो, तशी त्यांचीही मी कामांत वाटणी करून टाकली होती. त्या म्हणाल्या, "भांडीवाला पण येईल कधीतरी." येईल तेव्हा बघू, असं मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार. केराचे पैसे कापले नाहीत, हे इथे लिहिण्यात माझा मोठेपणा दिसावा असा हेतू आहेच थोडा.

खरं तर अशा यंत्रांनी माझ्या सोफ्याखाली यायचंच कशाला? केरळात बँडिकूट नावाचं यंत्र आहे, बँडिकूट म्हणजे आपली घूस, 2018 मध्ये तिरुअनंतपुरमला मॅनहोलमध्ये उतरवलं. कोळ्यासारखे पाय पसरून आत जातं आणि गाळ उपसून आणतं, चालवणारा माणूस वर कोरड्यात उभा. मानवी मैला वाहण्यावर बंदीचा कायदा 2013 चा, तरी गटारात उतरलेला माणूस गुदमरून गेल्याची बातमी अजून पेपरात येतेच. तिथे हवाय श्रीखंड्या. माझ्याकडे काय, दोन खोल्या आणि माझे केस.

असो. त्याला सोफ्याखालून काढला, दोरे कापले, तो निघाला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबला. तिथे काळ्या ग्रॅनाइटची पट्टी आहे. याच्या पोटाखाली डोळे असतात, ते जमिनीवर न दिसणारा उजेड टाकतात, तो परत आला नाही की समजायचं पुढे खड्डा आहे. काळा दगड उजेड गिळतो. झालं, याच्या लेखी तिथे दरी. रोज येतो, वाकून बघितल्यासारखं करतो आणि मागे फिरतो. माझ्या आजेसासूबाईसुद्धा सोवळ्याच्या स्वयंपाकघराच्या दाराशी कोणाला इतक्या काटेकोरपणे अडवत नसतील.

चल रे, काही नाही तिथे, म्हणत मी त्याला पायाने जरा ढकललं. आणि पाय लागला म्हणून सवयीने वाकून हात लावला, कपाळाला नेला. झाडूला लागला तरी करतोच आपण. पण हा झाडू आहे की कोण, हे न ठरवताच हात गेला.

कोणी बघितलं नाही. म्हणजे, त्याला कॅमेरा आहे का, हे मुलाला विचारायचं राहिलंय.