पॅराशूट जंप

पोटात गोळा यावा म्हणून माणसं तिकीट काढतात, हे मला अजून नीटसं पचलेलं नाही. मी जत्रेतल्या आकाशपाळण्यातही दांडा घट्ट धरून बसणारी. तरी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, कोनी आयलंडच्या समुद्रकिनारी उभ्या असलेल्या ‘पॅराशूट जंप’ या लोखंडी मनोऱ्याबद्दल काही दिसलं की मी वाचतेच.

खरं तर अशा मनोऱ्यांचा जन्म करमणुकीसाठी झालाच नव्हता. जेम्स स्ट्राँग हा अमेरिकी नौदलातला निवृत्त अधिकारी. सैनिकांना पॅराशूटचा सराव व्हावा म्हणून त्यानं १९३०च्या दशकात असे मनोरे बांधले. बघे जमले आणि त्यांनाही वर जायचं होतं! मग १९३९च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात हा सुमारे २५० फुटांचा मनोरा उभा राहिला, तोही लाइफ सेव्हर्स या चघळायच्या गोड गोळ्यांच्या कंपनीच्या जाहिरातीसह. कॅनव्हासच्या बाकड्यावर दोघांना पट्ट्यानं बांधायचं, दोरानं टोकापर्यंत ओढायचं आणि सोडून द्यायचं. पॅराशूटची छत्री उघडायची, आणि खाली स्प्रिंगा धक्का झेलायच्या. त्याच वर्षी एक जोडपं काही तास वरच अडकून पडलं. दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा आली, पुन्हा वर गेली! अशा माणसांपुढे मी काय बोलणार?

१९४१मध्ये मनोरा कोनी आयलंडच्या स्टीपलचेस पार्क या करमणुकीच्या बागेत आला. समुद्रकिनारी छत्रीचा खेळ मांडायचा म्हणजे वाऱ्याशी गाठ. वारा सुटला की खेळ बंद. शिवाय एकेका छत्रीमागे तीन-तीन माणसं लागायची. धंदा म्हणून हे गणित जमणं कठीणच होतं. १९६४मध्ये पार्क बंद पडलं, आणि दशक संपेपर्यंत छत्र्याही थांबल्या.

पुढची गोष्ट मला जास्त आवडते. १९७१मध्ये शहरानं मनोरा लिलावात काढला, तर एकही बोली आली नाही. हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा म्हणतात, पण या हत्तीला गिऱ्हाईकच नव्हतं. १९७७मध्ये वारसा वास्तूचा दर्जा मिळाला, तो त्याच वर्षी काढूनही घेतला. १९८९मध्ये पुन्हा दिला. मधली वर्षं तो कुणाच्या प्रेमामुळे टिकला, असं मला वाटत नाही. पाडायलाही खर्च येतो, एवढंच. खेळ पुन्हा सुरू करायच्या गोष्टीही निघाल्या, पण आजच्या सुरक्षेच्या नियमांत बसवायचा खर्च झेपणारा नव्हता. तेव्हा डागडुजी झाली, रंग लागला आणि रात्रीसाठी दिवे बसले. ब्रुकलिनचा आयफेल टॉवर म्हणून लोक आता त्याचे फोटो काढतात.