पोलीस भरती, तीस टक्के आणि माझा अनुभव

मी परभणी जिल्ह्यातली, जिंतूर तालुक्यातली. २०२४ च्या भरतीत पोलीस शिपाई म्हणून लागले. तेव्हापासून गावाकडून फोन येतात. पोरी विचारतात ताई महिलांच्या जागा नेमक्या भरतात कशा, आणि पोरं म्हणतात तुमचं काय बाबा, तुम्हाला तीस टक्के आहे. दोघांनाही इथंच सविस्तर सांगते.

आधी हे तीस टक्के काय आहे ते. महाराष्ट्रानं १९९४ ला महिला धोरण आणलं, देशात पहिलं, आणि तेव्हापासून सरकारी नोकरीत ३० टक्के जागा महिलांना आहेत. पण हे समांतर आरक्षण आहे, म्हणजे एससी, एसटी, ओबीसी, एनटी, खुला असे जे प्रवर्ग आहेत त्या प्रत्येकाच्या आतच ३० टक्के महिला. खेळाडू, प्रकल्पग्रस्त, माजी सैनिक हे पण असंच आतलं आरक्षण, आणि भूकंपग्रस्तांच्या दोन टक्क्यांचा रकाना तर आपल्या लातूर-धाराशिवकडच्या लोकांना सांगायची गरजच नाही, १९९३ चा किल्लारीचा भूकंप.

आता माझं. आमच्या घरात भरती म्हटलं की विषय भावाचा. मी बीए करून घरी, कापूस वेचणीला जायचं, सोयाबीन काढायचं, आणि स्थळं बघणं चालू. जाहिरात निघाली तेव्हा भावाच्या मोबाईलवर मी जिल्ह्यातल्या जागांचा तक्ता उघडला आणि वडलांना, अण्णांना, दाखवला. अण्णा सातवी शिकलेले, ते बोट ठेवून एकेक रकाना वाचत गेले, सर्वसाधारण, महिला, खेळाडू, मग परत महिलांवर आले. म्हणले, "ह्या जागा पोरींच्याच का?" मी म्हणलं हो, पण पुरेशा पोरी पास झाल्या नाही तर त्याच प्रवर्गातल्या पोरांना जातात, पुढच्या भरतीसाठी शिल्लक राहत नाहीत. अण्णा जरा वेळ गप्प बसले आणि म्हणले, "मंग सोडायची कामून?"

माझ्यासाठी तीस टक्क्यांचं सगळ्यात मोठं काम तिथं झालं. मैदानावर जायच्या कितीतरी आधी, आमच्या ओसरीवर. तो रकाना नसता तर पोरीला भरतीच्या अकॅडमीत पाठवायला पैसे घालायचा विचारच कुणी केला नसता, आणि हे फक्त माझ्या घरचं नाही, माझ्यासोबत पळणाऱ्या जवळजवळ सगळ्या पोरींनी घरी असाच तक्ता दाखवलेला. सवलत म्हणा काही म्हणा, पण ज्या घरात पोरीचं नाव यादीतच नसतं तिथं ती जागा छापून आलेली दिसावी लागते.

मग तयारी. पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर पळायचं, मागून भाऊ गाडीची लाईट लावून. पहिले पहिले लोक थांबून बघायचे, एक आजोबा रोज विचारायचे, "काय करायलीस गं बाई, कोण मागं लागलंय?" नंतर तेच आजोबा त्यांच्या नातीला घेऊन आले, हिला पण पळव म्हणून. गोळा चार किलोचा असतो पोरींना, तो विकत घेतला. आठशे मीटर २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत आलं तर पूर्ण २० मार्क, शंभर मीटर १४ सेकंदांत १५, गोळा सहा मीटर गेला की १५. पोरांना १६०० मीटर आणि ७.२६ किलोचा गोळा. टोमणा इथंच असतो की तुमचं अर्धंच पळायचं. अहो पण माझी स्पर्धा पोरींशीच आहे ना, त्या पण तेवढंच पळतात आणि जिवाच्या आकांतानं पळतात. मैदानी ५० मार्कांची, त्यात निम्मे तरी पडायला पाहिजेत, मग आपापल्या प्रवर्गात एका जागेमागं दहा जण लेखीला, आणि लेखीचा शंभर मार्कांचा पेपर पोरं पोरी सगळ्यांना एकच. गणित बुद्धिमत्ता त्यांना वेगळी आणि आम्हाला सोपी असं काही नसतं.

कागदपत्रांनी मात्र जीव घेतला. अधिवास, जातीचा दाखला, आणि नॉन क्रिमीलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचा दाखला. खुल्या प्रवर्गातल्या महिलांना नॉन क्रिमीलेअरची अट २०२३ ला काढली, पण मी एनटी-सी म्हणजे भटक्या जमाती क मधून, आम्हाला लागतंच. सेतूवर अर्ज टाकला, तो टेबलावर पडून, कधी सर्व्हर नाही, कधी साहेब दौऱ्यावर, मुदत जवळ आली तरी सही नाही. शेवटी अण्णा कामावर खाडा करून दिवसभर त्या कार्यालयाच्या दारात बसून राहिले तेव्हा कुठं मिळालं. माझ्यासोबतच्या एका ताईचं लग्न झालेलं, तिचे शाळेचे कागद माहेरच्या नावाचे, आधार सासरच्या, जातीचा दाखला वडिलांकडचा, तिची तर हालत विचारू नका. महिलांसाठी जागा ठेवायची आणि लग्नानंतर नाव बदलतं ह्याची सोय फॉर्ममध्ये करायची नाही, हे मला आजपण पटत नाही.

मैदानी जूनच्या एकोणीस तारखेपासून राज्यभर सुरू झाली आणि नेमका पाऊस. सतरा हजारांवर जागा आणि अर्ज सतरा लाखांच्या पुढं, पावसामुळं काही ठिकाणी तारखा पुढं ढकलल्या. मी ज्या जिल्ह्यात फॉर्म भरला होता तिथं आम्ही आदल्या रात्री पोचलो, मी आणि अण्णा, एका मंगल कार्यालयाच्या ओट्यावर झोपलो. पहाटे आत घेतलं, बायोमेट्रिक, चेस्ट नंबर, मग उंची. १५५ सेंटीमीटर लागते, माझी १५५ आणि थोडी वर, श्वास रोखून उभी राहिले, मोजणाऱ्या मॅडमनी पट्टी डोक्यावर टेकवली, दोनदा बघितलं आणि म्हणल्या, "जा."

त्याच दिवशी माझी मासिक पाळी आली. शेकडो पोरी पहाटेपासून मैदानात आणि बायकांसाठी संडास किती तर दोन, त्यातल्या एकात पाणी नाही. कपडे बदलायला जागा नाही, चौघीजणी ओढण्या धरून उभ्या राहायच्या मधे एक बदलायची. बंदोबस्तावरच्या एका ताईंनी स्वतःच्या बॅगेतून पॅड दिला आणि त्यांच्या खोलीतला संडास उघडून दिला. त्यांचं नाव पण विचारायचं राहिलं. आठशे मीटरला पायाला चिप बांधलेली, त्यामुळं वेळेत गडबड करता येत नाही हे एक चांगलं आहे, पण चिखलात पळायचं आणि पोटात कळा. पूर्ण मार्क नाही आले पण चांगले आले. मला राग ह्याचा येतो की जागा तीस टक्के ठेवणाऱ्याला पोरी येणार हे माहीत असतं. जाहिरातीत आकडा टाकला की मैदानावर संडासाचा, पाण्याचा आकडा पण त्याच हिशोबानं टाका ना. त्या दिवशी पोरी पाणी पीत नव्हत्या, लघवीला जावं लागू नये म्हणून. अशानं पळताना चक्कर येणारच, एकीला आलीच.

निकालाचं सांगते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथं आहे. आमच्या त्या जिल्ह्यात एनटी-सीच्या जागाच मोजक्या, त्यात महिलेची एक. आणि अकॅडमीतली माझी जवळची मैत्रीण पण एनटी-सी, तिनं पण तिथंच फॉर्म भरलेला. एका जागेला आम्ही दोघी. बोलायचो नाही त्या विषयावर, पण दोघींच्याही डोक्यात तेच. तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. मी घरी सांगून टाकलं की माझं नाही होणार. पण यादी लागली तर ती खुला महिलांमध्ये वर होती, तिचे मार्क खुल्याच्या कटऑफच्या वर होते आणि वयाची वगैरे सवलत घेतलेली नव्हती, म्हणून ती गुणवत्तेवर तिकडं गेली आणि एनटी-सीच्या जागेवर माझं नाव आलं. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२० मध्ये हेच सांगितलंय की मागास प्रवर्गातली महिला मार्कांवर बसत असेल तर तिला खुल्या महिलांच्या जागेवर घ्यायलाच पाहिजे, खुला म्हणजे सगळ्यांना खुला. आधी ह्याच्यावरून किती पोरींना जास्त मार्क असून घरी बसावं लागलं असेल विचार करा.

आणि पोरं म्हणतात बाया कशाला पाहिजेत पोलीसात, तर ठाण्यात एक दिवस येऊन बसा. बाईला सूर्य मावळल्यावर अटक करायची नाही, अपवादानंच करायची वेळ आली तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. बलात्कार झालेल्या बाईचा जबाब महिला अधिकाऱ्यानंच घ्यायचा. कायदाच तसा आहे. खेड्यातून आलेली बाई दारातून आत डोकावते, सगळे गडीमाणसं दिसले की पदर ओढून मागं फिरते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, आणि मी "या मावशी" म्हणलं की आत येऊन बसते. हे काम १६०० मीटर पळून होत नाही.

आता आर्मीचं पण पोरी विचारतात. तिथं जवान म्हणून मुलींना मिलिटरी पोलीसमध्ये घेतात, ८३ जणींची पहिली तुकडी मे २०२१ ला बेंगळुरूतून पास झाली. सैन्यातले अधिकारी घडवणाऱ्या पुण्याच्या एनडीएत २०२२ पासून मुली आहेत, पहिल्या बॅचला १९ होत्या. एनडीएची तयारी करून घेणारी सरकारी संस्था, एसपीआय, आपल्या संभाजीनगरला मुलांची १९७७ पासून आहे, मुलींची नाशिकला २०२३ ला झाली, तिथं अकरावीला प्रवेश असतो म्हणून दहावीतच बघून ठेवा. सीआरपीएफ आणि सीआयएसएफमध्ये शिपायाच्या ३३ टक्के जागा महिलांना द्यायचं केंद्रानं २०१६ ला ठरवलं, तिकडं पण फॉर्म भरा, नुसतं पोलीस भरतीवर बसू नका.

पुढच्या जाहिरातीची वाट बघणाऱ्या पोरींनी नॉन क्रिमीलेअर आत्ताच काढून घ्या आणि त्याच्यावर कुठल्या ३१ मार्चपर्यंत लिहिलंय ते बघा. एका पदाला एकाच जिल्ह्यात फॉर्म भरता येतो, त्यामुळं चार-पाच जिल्ह्यांचे तक्ते समोर ठेवून आपल्या प्रवर्गाचा आणि खुल्याचा, दोन्ही महिला रकाने बघून जिल्हा ठरवा. आणि घरी कुणी नाही म्हणत असेल तर तो तक्ता त्यांच्याच हातात द्या.