तुम्ही विचारलंत म्हणून : स्मरणशक्तीची गोळी

दहावी-बारावीचं पोर घरात असलं की पालक मला हमखास गाठतात. "तुम्ही मेंदूवर काम करता ना? मग स्मरणशक्ती वाढवायची गोळी कधी काढताय?" लग्नाच्या पंगतीत नुसतं हसून जिलबीकडे वळता येतं. इथे जरा सविस्तर सांगते.

उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचे, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या भागाचे, काप काढणं हे माझं रोजचं काम. काप जेमतेम ०.४ मिलिमीटर जाड. बर्फगार क्षारपाण्यात तो काढायचा आणि ऑक्सिजनचे बुडबुडे सोडलेल्या भांड्यात ठेवायचा; मग काही तास जगतो. त्यातल्या तंतूंना सेकंदभर १०० हर्ट्‌झचे झटके दिले की पुढच्या पेशींचा प्रतिसाद वाढतो आणि तासन्‌तास वाढलेलाच राहतो. शिकलेलं मेंदूत टिकतं ते असंच, असं मानतात. ब्लिस आणि लोमो या शास्त्रज्ञांनी १९७३ साली हेच सशाच्या मेंदूत दाखवलं होतं.

या पेशींमधला निरोप्या म्हणजे ग्लुटामेट. (अजिनोमोटोत असतं तेच. पण खाल्लेलं ग्लुटामेट मेंदूत सहजी शिरत नाही, तेव्हा चायनीज खाऊन पाठांतर सुधारायचं नाही.) ते झेलायला पुढच्या पेशीवर रिसेप्टर, म्हणजे छोटी दारं, असतात. ग्लुटामेट आलं की त्यातला एएमपीए रिसेप्टर लगेच उघडतो. एनएमडीए हा दुसरा रिसेप्टर मात्र आडमुठा. त्याच्या तोंडात मॅग्नेशियमचा बोळा असतो. ग्लुटामेट दारात आलं, तरी त्याच वेळी पेशी चांगली चेतवलेली नसेल, तर बोळा हटत नाही. दोन्ही जुळलं की कॅल्शियम आत येतं, पेशी जादा एएमपीए रिसेप्टर दाराशी आणून बसवते आणि दोन पेशींमधला तो सांधा पक्का होतो. भांड्यात एनएमडीए अडवणारं एपीव्ही हे औषध टाकलं, की तेच झटके देऊनही प्रतिसाद दाखवणारी पडद्यावरची रेघ थोड्याच वेळात मूळ जागी येते. मॉरिस या शास्त्रज्ञांनी १९८६ साली हे औषध उंदरांच्या मेंदूत सोडलं, तर हौदात पोहताना टेकायला पाण्याखाली दडवलेला पाट कुठे आहे हे शिकताना ते अडखळले.

मग हा एनएमडीए रिसेप्टर जास्त उघडणारी गोळी का नको? कारण कॅल्शियम बेसुमार आत घुसलं की पेशी मरते. मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो तेव्हा ग्लुटामेट साचून असंच होतं.

आमच्या शेजारच्या आजींना अल्झायमरसाठी मेमॅन्टीन चालू आहे. ते याच रिसेप्टरला थोडंसं अडवतं. हे सांगितल्यावर आजोबांनी गोळ्यांची पट्टी उलटीसुलटी करून पाहिली. "विसरणाऱ्या माणसाचं दार आणखी लावायचं?"

"पूर्ण नाही हो, नुसतं लोटून घ्यायचं. सतत झिरपणारं कॅल्शियम थांबावं एवढंच."

त्यांना ते पटलं नाही. पट्टी मात्र त्यांनी परत डब्यात ठेवली, रात्रीच्या गोळ्यांच्या कप्प्यात.